डो. पा.

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, माझ्या मार्गदर्शकांना नाही, आणि ज्यांना सर्वांत आधी सांगायला हवं होतं त्यांना तर गेल्या दिवाळीपर्यंत नाही. माझ्या नावाआधी जे ‘डॉक्टर’ लागतं, ते ज्या वाचनांच्या जोरावर लागलं त्यांतली थोडकीच माझी आहेत. वाचन म्हणजे मोजपट्टीशी डोळा लावून टिपून घेतलेला आकडा. आमच्या भौतिकशास्त्र विभागाचा सगळा कारभार या वाचनांवर चालतो. दोन उन्हाळे ती एका माणसाने घेतली आणि मी माझी म्हणून छापली. तो माणूस आमच्या प्रयोगशाळेचा परिचर होता. काचा पुसायच्या, प्रयोग मांडून द्यायचे, माठ भरायचा, संध्याकाळी कुलूप लावायचं, हे त्यांचं काम. विभागात लहानथोर सगळे त्यांना भाऊ म्हणायचे. मीही म्हणायचो, अजून म्हणतो.

भाऊंइतका संशयी माणूस अख्ख्या नागपुरात सापडायचा नाही. माणसांवर त्यांनी कधी संशय घेतला नाही. घेतला असता तर मला एवढी वर्षं निवांत मिळाली नसती. त्यांचा संशय वस्तूंवर. काल जी वस्तू जिथे होती तिथे ती आज नसते, तसूभर का होईना सरकलेली असते, असं त्यांचं पक्कं मत होतं. त्यासाठी कानावर कायम एक पेन्सिल, आणि विभागातल्या प्रत्येक वस्तूभोवती त्या पेन्सिलीची बारीक रेघ. माठाभोवती वर्तुळ, कपाटांच्या पायांशी काटकोन, विभागप्रमुखांच्या टेबलाच्या पायांभोवती चार चौकोन. सकाळी कुलूप काढलं की झाडू मारता मारता ते एकेक रेघ तपासत जायचे आणि जे सरकलं असेल त्याची मान हलवून दखल घ्यायचे. एकदा मला दारातच अडवून हळू आवाजात म्हणाले, “सर, आज सायबाच्या खोलीत नका जाऊ. काल मोठा झगडा झाला.” मी विचारलं, “तुम्हाला कोणी सांगितलं?” तर म्हणाले, “टेबलानं. दोन बोटं सरकलं आहे. मानूस शांतीनं उठला तर टेबल नाही सरकत जी.” दुपारी कळलं, आदल्या संध्याकाळी साहेब आणि प्राचार्य यांची फोनवर खरोखरच जुंपली होती.

हा नियम ते स्वतःलाही लावायचे. खुर्चीवर बसले तर अर्धी खुर्ची सोडून. स्कूटर लावायची तर आखलेल्या जागेच्या हातभर पलीकडे. दरवर्षी मार्चमध्ये विभागाचा फोटो निघायचा. ते सगळे फोटो आमच्या व्हरांड्यात टांगलेले आहेत, आणि भाऊ त्या सगळ्यांत उजव्या कडेला आहेत. कुठे एक खांदा, कुठे कान आणि अर्धी मिशी. एका वर्षी तर नुसतं कोपर आहे. फोटोवाला ओरडायचा, “भाऊ, अंदर घ्या ना थोडं!” भाऊ जागचे हलायचे नाहीत. “दिसून राहिलो न? मंग काढ गा.”

आणखी एक सवय. बेंचवर दुसरं कोणी काम करत असलं की भाऊ दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधून उभे राहायचे, पाहणीला आलेल्या मंत्र्यासारखे. मुलं त्यांची नक्कल करायची. एखाद्या मुलीच्या हातून भिंग निसटायला लागलं, ती “भाऊ, धरा ना!” म्हणून किंचाळली, तरी ते हात पुढे यायचे नाहीत, “तूच पकड वं बाई!” असं तेच तिच्यापेक्षा मोठ्याने ओरडायचे. ही सवय त्यांना पहिल्यापासून नव्हती. ती कधी लागली ते मला तारखेनिशी माहीत आहे. पुढे सांगतोच.

त्यांची भाषा वेगळी होती. ते कुहीकडचे, घरी धानाची थोडी शेती आणि दोन म्हशी. लेसरच्या किरणाला ते ‘धार’ म्हणायचे. “सर, धार पाडू का?” असं त्यांनी विचारलं की बाहेरून आलेले पाहुणे दचकायचे. किरणाच्या वाटेत आम्ही एक ध्रुवक ठेवतो. ती चकती फिरवली की प्रकाशाचं कंपन उभ्याचं आडवं होतं. ती भाऊंची ‘चकती’. आणि माझ्या संशोधनाची जी मुख्य वस्तू होती, एका काचेवर दोन पदार्थांचे आलटून पालटून चढवलेले सतरा अतिपातळ थर, तिचं नाव त्यांनी ठेवलं होतं ‘घडीची पोळी’. ती बाहेरच्या एका मोठ्या प्रयोगशाळेतून आम्हाला मिनतवारीने मिळाली होती. तिच्यासाठी भाऊंनी हिंगण्याच्या एका ओळखीच्या लेथवाल्याकडून, त्याची जेवणाची सुट्टी खर्ची घालून, पितळेचा स्टँड करून आणला. तो स्टँड इतका भक्कम होता की त्यावर माणूस बसला असता. भाऊंनी तो टेबलावर ठेवला, भोवती पेन्सिल फिरवली आणि म्हणाले, “आता इले कोनी हलवून दाखवा.”

पोळीच्या रक्षणासाठी त्यांनी आम्हा सर्वांना जेवढं छळलं तेवढं परीक्षेनेही छळलं नसेल. मे महिन्यात, बाहेर डांबर मऊ पडलेलं असताना, ते कूलर बंद करायचे. “कूलर बंद करा गा, लाइट हालून राहिला!” आमच्या नागपुरात लाइट म्हणजे वीज, त्यामुळे शेजारच्या रसायनशास्त्रवाल्यांना वाटायचं की आता वीज जाणार, आणि ते घाईघाईने आपला फ्रिज बंद करायचे. त्याच काळात रस्त्यावर मेट्रोचे खांब रोवणं चाललं होतं. जमीन थरथरायची. भाऊंनी चार दिवस खिडकीत उभं राहून त्या मशीनचा अभ्यास केला, मग एका दुपारी खाली जाऊन तिथल्या मुकादमाशी बोलून आले. काय बोलले देव जाणे, पण त्यानंतर ते मशीन एक ते दोन बंद असायचं. आमची सगळी चांगली वाचनं एक ते दोनमधली आहेत.

आता ‘डो. पा.’. भाऊंच्या नोकरीच्या सुरुवातीला कोणा जुन्या साहेबांनी त्यांना दरडावलं होतं, “हे तुला कोणी सांगितलं? तू डोळ्याने पाहिलंस का?” तेव्हापासून जे स्वतः पाहिलं त्यापुढे भाऊ ‘डो. पा.’ लिहायचे. डोळ्याने पाहिलं. जे पाहिलं नाही त्यापुढे काही झालं तरी लिहायचे नाहीत. साठ्याच्या रजिस्टरमध्ये एके ठिकाणी नोंद आहे: ‘भिंगाच्या खोक्यात उंदीर, एक. डो. पा.’ त्यांचा रजेचा एक अर्ज मी स्वतः मंजूर केला आहे: ‘सासऱ्याची तब्येत बरी नाही. डो. पा. नाही, फोनवर समजले.’ घरीही हेच. एकदा मी त्यांच्याकडे गेलो असता वहिनी म्हणाल्या, शेजाऱ्यांकडे कोणी पाहुणी आली आहे. भाऊ पेपरातून मान न काढता म्हणाले, “डो. पा.?” वहिनी म्हणाल्या, “आग लागो तुमच्या डोपाले. आवाज आला तिचा.” “मंग आवाज आला म्हन.”

हे सगळं मी हसत हसत सांगू शकतो. पुढचं तसं सांगता येत नाही.

एप्रिलची दुपार होती. माझे मार्गदर्शक दुसऱ्या दिवशी काम पाहायला यायचे होते आणि दाखवायला माझ्याकडे फारसं काही नव्हतं. मी चाळिशीला आलेलो, पाच वर्षं प्रबंध रखडलेला. माझा मूळ विषय साधा होता: पोळीवर किरण तिरपा पाडायचा आणि त्यातला किती उजेड परत येतो ते मोजायचं. मी वर्गावरून आलो तर भाऊ घासलेल्या काचेच्या पडद्यामागे सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेले. बी.एस्सी.ची आठ-दहा मुलं प्रॅक्टिकलला आलेली होती. मला पाहून भाऊ उठले. चेहरा असा, जणू म्हशीला जुळं झालं.

“सर, धार सरकून राहिली.”

“म्हणजे?”

“चकती उभी ठेवली त ठिपका एका जागी. आडवी केली का बाजूले सरकते. दोन-तीन केसाएवढं. परत उभी केली का परत जागेवर.”

मी म्हणालो, “भाऊ, आरशावर किरण जिथे पडतो तिथूनच परत फिरतो. तो सरकेल कशाला?”

“साधा आरसा असन त फिरन जी तिथूनच. हे त घडीची पोळी आहे. तुम्ही इतवारीत भांडे-ओळीत गेले का कधी, सनाच्या दिवसात? एका दुकानापासून गर्दीत घुसा आन् उलट्या पावली निंगतो म्हना. जिथून घुसले तिथूनच निंगता का? गर्दी चार दुकानं पुढं नेते आन् मंग बाहेर टाकते. तसंच हे. धार आत घुसते, थरा-थरात जराशी चालते, आन् मंग बाहेर येते.”

मुलं हसली. मुलं हसली म्हणून मला राग आला, हे आता लिहून टाकतो. मी त्यांचे मास्तर, माझ्या प्रयोगशाळेत, परिचर मला प्रकाश शिकवतोय, तोही इतवारीच्या गर्दीवरून. मी रजिस्टर ओढलं. त्यात भाऊंच्या वळणदार अक्षरात चार ओळी होत्या. उभ्या चकतीचा आकडा, आडव्या चकतीचा आकडा, पडदा दूर नेऊन पुन्हा ते दोन्ही आकडे, आणि खाली ‘सरक तेवढीच. डो. पा.’ मी खिशातलं लाल पेन काढलं, चारही ओळींवर आडवी रेघ मारली आणि शेजारी लिहिलं: ‘हात लागला. वाचन रद्द.’ खाली सही केली, तारीख टाकली.

भाऊ म्हणाले, “माहा हात नाही लागला सर.”

“लागला असेल. तुम्हाला कळलं नसेल.”

“मले कळत नाही असा माहा हात लागत नाही जी.”

मी मुलांकडे वळून म्हणालो, “बघा, प्रयोग करताना निष्काळजीपणा झाला की असं होतं.”

एवढंच. त्या दिवसापासून भाऊंचे हात पाठीमागे गेले.

तीन आठवड्यांनी एका जर्नलमध्ये माझ्या वाचनात आलं की थरांच्या काचेवरून परतणारा किरण, विशिष्ट कोनाजवळ, खरोखरच बाजूला सरकतो. तो थरांमध्ये अडकतो, पृष्ठभागाला धरून थोडा वाहतो आणि मग सुटतो, म्हणजे इतवारीच. ही गोष्ट जगाला जुनीच होती, फक्त मला नवी होती; पण आमच्यासारख्या थरांत ती कोणत्या कोनाला किती होते हे कोणी मोजलेलं नव्हतं. मी धावत प्रयोगशाळेत गेलो आणि ते पान उघडलं. आणि तेव्हा मी ती तिसरी ओळ पहिल्यांदा नीट वाचली. पडदा दूर नेऊन घेतलेलं वाचन. आरशाला हात लागून तो जरासा तिरपा झाला असता, तर पडदा जितका दूर न्यावा तितका ठिपका जास्त सरकला असता. टॉर्च किंचित वळवली की समोरच्या भिंतीवर तिचा उजेड हातभर जातो, तसा. भाऊंनी पडदा दूर नेला होता आणि सरक तेवढीच राहिली होती. म्हणजे हात लागलेला नव्हता, आणि तो लागलेला नव्हता याचा पुरावा, मी विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षं शिकवतो तो पुरावा, त्याच चार ओळींत होता. मी तो न वाचता खोडला होता.

मी त्या रेघेखाली एक ओळ लिहू शकलो असतो. लिहिली नाही. लिहिली असती तर प्रबंधाचं पहिलं पान ते झालं असतं, आणि त्यावरची पहिली नजर माझी नाही हे कायमचं नोंदलं गेलं असतं. मी पान उलटलं आणि कोऱ्या पानावर नव्या तारखेने सुरुवात केली. भाऊंना बोलावून म्हणालो, “आपण ठिपक्याची जागा मोजून पाहू. जवळ आणि दूर, दोन्ही.” त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं, म्हणाले, “हाव जी,” आणि कूलर बंद केला.

दोन उन्हाळे ते मोजत राहिले. मी वर्ग, पेपर तपासणी, मीटिंगा यांतून येऊन बसायचो, तासाभरात माझे डोळे चुरचुरायचे. भाऊंचे चुरचुरायचे नाहीत, निदान ते तसं म्हणायचे नाहीत. पानामागून पानं, प्रत्येक आकड्यापुढे बारीक ‘डो. पा.’. मी बेंचवर असलो की त्यांचे हात मागे. मी गेलो की पुढे.

पीएच.डी.च्या खुल्या मुलाखतीला बाहेरगावचे परीक्षक आले होते. ते दक्षिणेकडचे, मराठी न येणारे. भाऊंनी पडदा लावला, समोसे आणले आणि दाराशी, अर्थात दाराच्या थोडे पलीकडे, उभे राहिले. परीक्षकांनी मूळ रजिस्टर मागवलं. पानं उलटता उलटता त्यांनी बोट ठेवलं आणि इंग्रजीत विचारलं, हे प्रत्येक वाचनापुढे काय लिहिलंय? लाल रेघेचं पान त्यांनी उघडलं नाही. त्यांना फक्त या दोन अक्षरांचा अर्थ हवा होता.

सगळे माझ्याकडे पाहत होते. खरं सांगायला चार शब्द पुरले असते. मी म्हणालो, “सर, ती उपकरणाची खूण आहे. कोणत्या यंत्राने वाचन घेतलं ते कळावं म्हणून.”

“व्हेरी सिस्टिमॅटिक,” परीक्षक म्हणाले.

मी दाराकडे पाहिलं नाही. प्रबंधाच्या आभारात मी बायकोचे आभार मानले, टायपिंग करणाऱ्याचे मानले, ज्या प्रयोगशाळेने काच दिली तिचे मानले. भाऊंच्या नावाशी पेन थबकलं आणि पुढे गेलं. बरीच वर्षं मी स्वतःला सांगत आलो की हा फक्त नोकरीच्या पायरीचा प्रश्न होता. परिचराचं नाव घालायची पद्धत नसते. पायरी तेवढी एकच नव्हती. माझं आडनाव आणि त्यांचं आडनाव शेजारी छापून आलं असतं तर विभागातल्या काही भुवया वर गेल्या असत्या, आणि मी त्या भुवयांना भ्यालो. हेही लिहायला हवं होतं, लिहिलं.

‘हात लागला’ मात्र विभागात मुरलं. त्या दिवशीच्या मुलांनी ते पुढच्या मुलांना दिलं. बल्ब उडाला, भाऊंचा हात लागला. मॅडमच्या डब्यातला चमचा हरवला, भाऊंचा हात लागला. कार्यालयातला एक लिपिक तर ते येताना दिसले की टेबलावरच्या फायली छातीशी धरायचा: “भाऊ, दुरून बोला गा, हात लागन!” भाऊ हसायचे. मीही हसायचो. त्यांच्या निरोप समारंभात हाच लिपिक बोलायला उभा राहिला आणि म्हणाला, “आता काही पडलं-फुटलं त कोनाचं नाव घ्याचं, हा मोठा प्रश्न आहे.” सभागृह हसलं. भाऊ हार गळ्यात घालून, खुर्चीच्या अर्ध्यावर बसलेले, तेही हसले. त्यांच्या शेजारी विभागप्रमुख म्हणून मी बसलो होतो. माझं भाषण व्हायचं होतं. मी उठलो आणि भाऊंच्या वक्तशीरपणाबद्दल बोललो.

निवृत्त झाल्यावर ते कुहीला राहायला गेले. गेल्या दिवाळीनंतर त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्याचं कळलं. ज्या डोळ्याने ती सगळी वाचनं घेतली तोच हा डोळा, हे लक्षात आलं आणि मला घरी बसवेना. एका रविवारी दुपारी मी गेलो. भाऊ ओसरीत काळा चष्मा लावून बसले होते. मी खुर्ची ओढायला गेलो तर वहिनी आतून ओरडल्या, “ते नका ओढू जी सर! निशानावर आहे ते!” खाली पाहिलं. खुर्चीच्या चारही पायांभोवती पेन्सिल. मी ती न हलवता, भिंतीला गुडघे टेकवून बसलो. समोर भाऊंच्या वडिलांचा फोटो, पांढऱ्या शर्टातला. छप्पन साली ते कुहीहून पायी नागपूरला आले होते, धम्म घ्यायला. भाऊ एकदा त्यांच्याबद्दल मला म्हणाले होते, “माहा बाप जिंदगीत एकदाच सरकला जी. पन कोनाचा धक्का लागून नाही. सोताच्या पायानं.”

चहा आला. मी पेला खाली ठेवला आणि म्हणालो, “भाऊ, तुमचा हात लागला नव्हता.”

“मले मालूम आहे जी.”

“मलाही माहीत होतं. तीन आठवड्यांत कळलं होतं.”

“तेही मालूम आहे. तुम्ही आल्या आल्या दूरचं वाचन घ्याले लावलं न. माहा कागद वाचल्याबिगर तुमाले दूरचं काहून सुचन?”

मी म्हणालो, “मग बोलला का नाहीत?”

“बोललो होतो न. लिहून. तुम्ही लाल पेनानं जवाब देल्ला. आता त्याच्यावर मी का बोलू?”

“आणि त्या मुलाखतीत मी यंत्र म्हणालो...”

“हाव,” भाऊ हसले. “घरी येऊन इले सांगतलं, आजपासून मी मशीन. तं ही म्हने, मशीनले भाजी नाही वाढत मी.”

आतून वहिनींचा आवाज आला, “खरंच नव्हती वाढली!”

दोघं हसले. मला हसू आलं नाही, आणि त्याचं त्यांनी वाईट वाटून घेतलं नाही. मग भाऊंनी काळा चष्मा काढला, तो गुडघ्यावर ठेवला, आणि त्या एप्रिलनंतर पहिल्यांदाच माझ्यासमोर दोन्ही हात पुढे करून तळवे पाहिले. ऑपरेशन झालेल्या डोळ्याने आधी, मग दुसऱ्याने.

“रजिस्टर आहे का जी अजून?”

“आहे. माझ्या खोलीतल्या कपाटात.”

“रेघ?”

“आहे.”

“मंग मले काहून सांगून राहिले तुम्ही?” ते अगदी शांतपणे म्हणाले. “मले त पहिल्यापासून मालूम होतं. ज्याले मालूम नाही त्याले सांगा न.”

मी विचारलं, “तुमचं नाव लिहू?”

“लिहा न. काहून नाही? पन आधी तिथं लिहा, जिथं खोडलं.”

निघताना त्यांनी मला फाटकापर्यंत सोडलं. गाडी सुरू केली आणि आरशात पाहिलं, तर भाऊ आरशाच्या कडेला, अर्धेच दिसत होते. मी आरसा वळवला नाही. मान मागे फिरवून त्यांना पुरतं पाहिलं. हात पाठीमागे नव्हते.

या गोष्टीला आता काही महिने झाले. मध्ये एकदा मी कपाट उघडलं, ते पान काढलं, पेनाचं टोपण काढलं. तेवढ्यात कोणी तरी सहीसाठी आलं, मी रजिस्टर मिटलं, आणि पुन्हा उघडलं नाही. मेट्रो आता धावते आहे, पोळी तिच्या पितळी स्टँडवर आहे आणि स्टँडभोवतीची पेन्सिलीची रेघ पुसट झाली असली तरी दिसते. मी रोज पाहतो. स्टँड सरकलेला नाही.

हे लिहिलं ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. यात मी भाऊंचं नाव घातलेलं नाही, कारण त्याची पहिली जागा दुसरीकडे आहे. कपाटाची किल्ली माझ्याच खिशात असते. त्या पानावर, लाल रेघेखाली, माझ्या सहीने आणि त्यांच्या पूर्ण नावाने ‘यांचा हात लागला नव्हता’ एवढं एक वाक्य, आणि डो. पा. म्हणजे कोण हे सांगणारं विद्यापीठाला एक पत्र: इतकं मी त्यांना अजून देणं लागतो.